अर्ल बॉस्टिक ऐकायचा कसा: नवख्या कानांसाठी वाटाड्या

जॅझचा थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन याचं चरित्र वाचणाऱ्याला अर्ल बॉस्टिक या दुसऱ्या सॅक्सोफोनवादकाचं नाव एकदा भेटतंच, आणि बहुधा एकदाच. १९५२ साली तरुण कोलट्रेन काही महिने बॉस्टिकच्या बँडमध्ये वाजवत होता, एवढं सांगून लेखक पुढे सरकतो. आदल्याच वर्षी याच बॉस्टिकची रेकॉर्ड अमेरिकेच्या ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर होती, हे सांगायचं राहून जातं. तो सॅक्सोफोनवर असं काय करत होता की ते शिकायला कोलट्रेनसारखा माणूस कान टवकारून बसावा, हेही राहतं.

बॉस्टिक विस्मरणात गेला तो अपयशामुळे नव्हे, खप झाल्यामुळे. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून लोक ज्याच्या तालावर नाचतात तो गंभीर वादक कसा असेल, असं जॅझवाल्यांनी ठरवून टाकलं. ऱ्हिदम अँड ब्लूजचा इतिहास लिहिणाऱ्यांना गायक हवे होते आणि हा तर गात नव्हता. दोन्ही दारं अर्धवट उघडी, आणि माणूस उंबऱ्यावर उभा.

जॅझचं काहीही न ऐकलेल्या, किंवा थोडं ऐकून 'आपल्याला झेपत नाही' म्हणून सोडून दिलेल्या माणसासाठी हा लेख आहे. बॉस्टिकपासून सुरुवात करायला हरकत नाही. उलट तो सोपा दरवाजा आहे, कारण तो चाल कधी सोडत नाही. मात्र क्रम पाळा. नाव टाकून समोर येईल ते लावलं, तर पहिल्या फटक्यात एखादा गुळगुळीत नाचाचा अल्बम वाट्याला यायचा आणि 'हे तर हॉटेलातलं संगीत' म्हणून तुम्ही बंद करायचे.

पायरी पहिली: वाद्य ओळखा

सॅक्सोफोन अनेक आकारांचे असतात. आपल्याला इथे दोनच पुरेत. टेनर मोठा, त्याचा आवाज जाड आणि खालचा. आल्टो त्याहून लहान, आवाज चढा आणि टोकदार. मराठी कानाला आल्टो अगदीच परका नाही. कद्री गोपालनाथ यांनी कर्नाटक संगीत ज्यावर आणलं तो आल्टोच, आणि हिंदी चित्रपटसंगीतात मनोहारी सिंग यांचा आल्टो आपण नकळत वर्षानुवर्षं ऐकलेला आहे. त्यांपैकी एखादी रेकॉर्ड आधी पाच मिनिटं ऐका, म्हणजे आल्टोचा नेहमीचा स्वभाव कानात बसेल.

मग बॉस्टिक लावा. पहिला गोंधळ तिथेच होईल, कारण हा आल्टो टेनरसारखा भरदार वाजतो.

त्यामागे त्या काळाची हवा आहे. १९४२ साली लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये इलिनॉय जॅकेट नावाच्या कोवळ्या पोराने 'फ्लाइंग होम'मध्ये टेनरवर जो तुकडा वाजवला, त्याने पुढच्या दहा वर्षांची फॅशन ठरवली. एकच सूर पुन्हा पुन्हा ठोकायचा, किंचाळायचं, खर्जात भोंगा वाजवायचा, सभागृह उभं करायचं. हे सगळं टेनरवाल्यांचं राज्य होतं. आल्टोवर तेवढं अंग आणणारा माणूस म्हणजे बॉस्टिक. आल्टोवर लुई जॉर्डनही होता आणि प्रचंड लोकप्रिय होता, पण त्याच्या रेकॉर्डी मुख्यतः त्याच्या गाण्यावर चालायच्या. बॉस्टिककडे गळा नव्हता, जे काही होतं ते वाद्यातून यायला हवं होतं.

आणखी दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव बिलबोर्ड साप्ताहिकाने जून १९४९ मध्ये आपल्या यादीला दिलं. त्याआधी कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्डींची यादी 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने निघायची. म्हणजे बॉस्टिक ऐन भरात आला तेव्हा या प्रकाराचं बारसं नुकतंच झालेलं होतं. दुसरं म्हणजे, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. बॉस्टिकने आपलं सगळं म्हणणं त्या तीन मिनिटांत बसवलेलं आहे. आलापीची सवय असलेल्या श्रोत्याला हे सुरुवातीला फार घाईचं वाटतं.

पायरी दुसरी: 'फ्लेमिंगो', पण दोघांचं

इथे वेळ काढा. बाकीच्या पायऱ्या घाईने चढलात तरी चालेल, ही नाही.

आधी जॅझचा नामांकित बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन याच्या बँडचं 'फ्लेमिंगो' ऐका. डिसेंबर १९४० मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, गायक हर्ब जेफ्रीज. संथ, रेशमी, संध्याकाळच्या रंगांचं गाणं. टेड ग्रूयाची ही चाल लक्षात राहील इतकी ऐका. तोंडाने गुणगुणता आली पाहिजे.

मग बॉस्टिकचं 'फ्लेमिंगो' लावा. जानेवारी १९५१ मध्ये किंग या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेलं. त्याच वर्षी ते ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि चार आठवडे तिथे राहिलं. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर शॅग नावाचा जोडीने करायचा नाच आहे. त्या मंडळींमध्ये ही रेकॉर्ड आजही वाजते.

तीनदा ऐका, आणि दर वेळी कान एकाच गोष्टीकडे ठेवा.

पहिल्यांदा फक्त चाल. तुमच्या लक्षात येईल की बॉस्टिक एलिंग्टनच्या गायकापेक्षा फारसा वेगळ्या सुरांवर जात नाही. नाट्यपदाची चाल आपल्याला आधीच पाठ असते. तरी गायक एका शब्दावर किती वजन टाकतो, कुठे ओढून धरतो, कुठे सोडून देतो, यासाठी आपण पुन्हा तिकीट काढतो. बॉस्टिक तसाच ऐकायचा. त्याच काळात आल्टोवादक चार्ली पार्करच्या पिढीने मूळ चाल बाजूला ठेवून तिच्या स्वरसंगतीवर नवी वळणं रचायला घेतली होती, आणि समीक्षकांची मापं त्यांच्यावरून ठरली. त्या मापाने बॉस्टिक 'काहीच नवं करत नाही'. माझ्या मते माप चुकलं. त्याची उपज सुरांच्या निवडीत कमी आणि एकेका सुराच्या घडणीत जास्त आहे.

दुसऱ्यांदा सॅक्सोफोन सोडून बाकीचं ऐका. व्हायब्राफोनचे (धातूच्या पट्ट्यांवर ठोकून वाजवायच्या वाद्याचे) थेंबासारखे सूर येतात ते जीन रेडचे. ठेका चालता, किंचित डुलणारा, पायाला लगेच कळणारा. एलिंग्टनचं गाणं खुर्चीत बसून ऐकायचं होतं, हे ऐकताना खुर्ची सरकवावी लागते. तरीही ताल घाईत नाही. मध्यलयीत इतकं बळ टिकवणं द्रुत वाजवण्यापेक्षा अवघड असतं, हे ढोलकी धरलेला कोणीही सांगेल.

तिसऱ्यांदा फक्त आवाजाचा पोत. कुठे सूर स्वच्छ आहे, कुठे त्याला खरखर आहे, हे टिपा. ही खरखर सरसकट नाही. वाक्य सुरू करताना ती असते, मग सूर उघडा होतो, लांब सुराच्या शेवटी रुंद आंदोलन येतं, आणि पुन्हा कुठेतरी घसा चढतो. हाताशी कागद असेल तर खुणा करा. दोन-तीन ओळींतच कळेल की हा माणूस खरखर मीठ टाकावं तशी मोजून टाकतोय.

हे एवढं ऐकू आलं की अर्धा बॉस्टिक तुमचा झाला.

पायरी तिसरी: थोडं मागे

चरित्र पाठ करायची गरज नाही, पण काही गोष्टी कळल्या की ऐकणं बदलतं.

जन्म २५ एप्रिल १९१३, टल्सा, ओक्लाहोमा. कोवळ्या वयातच अमेरिकेच्या मधल्या भागात फिरणाऱ्या बँडांमधून धंद्याला लागला. न्यू ऑर्लिन्सच्या झेवियर विद्यापीठात शिकला. मिसिसिपीच्या नदीबोटींवर फेट मॅरेबलच्या बँडमध्ये वाजवलं. याच मॅरेबलच्या बोटीवर एकेकाळी लुई आर्मस्ट्राँगही घडला होता. पुढे न्यूयॉर्क. ऑक्टोबर १९३९ मध्ये लायोनेल हॅम्प्टनच्या एका ध्वनिमुद्रणात तो पहिल्यांदा तबकडीवर आला आणि त्याच खोलीत गिटारवर चार्ली ख्रिश्चन होता. हार्लेमच्या स्मॉल्स पॅरडाइज क्लबात त्याने स्वतःचा बँड चालवला, तिथे गरजेप्रमाणे गिटार आणि ट्रंपेटही वाजवायचा.

स्वरलेखनावर त्याचा हात बसलेला होता. पॉल व्हाइटमन, आर्टी शॉ, जीन क्रुपा, लुई प्रिमा अशा वेगवेगळ्या वळणाच्या लोकांसाठी त्याने संगीत बांधून दिलं. क्रुपाच्या बँडने १९४१ मध्ये गाजवलेलं 'लेट मी ऑफ अपटाउन' हे रेड इव्हान्सबरोबर बॉस्टिकने रचलेलं आहे. त्यात गोरी गायिका अनिता ओ'डे आणि काळा ट्रंपेटवादक रॉय एल्ड्रिज यांची खेळकर जुगलबंदी आहे. त्या दिवसांतल्या अमेरिकेत ही साधी बाब नव्हती.

चाळिशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसच्या रात्रीच्या बैठकांना नेमाने असायचा. बीबॉप, म्हणजे पार्करच्या पिढीचं ते नवं जॅझ, जिथे शिजलं ती ही जागा. लू डोनाल्डसन हा पुढच्या पिढीचा आल्टोवादक. तिथे एका रात्री बॉस्टिकने चार्ली पार्करलाच धडा दिला, असं तो सांगत असे. अशा आठवणींना वर्षागणिक पाणी चढतं, ते सोडून द्या. पण डोनाल्डसन हे कौतिकाने सांगत होता आणि बॉस्टिकचं बाजारू वादन आपल्याला आवडायचं नाही हेही त्याच दमात कबूल करत होता. म्हणून मला ते मोलाचं वाटतं.

म्हणजे १९४५ मध्ये त्याने स्वतःचा बँड काढला तेव्हा तो तिशी ओलांडलेला, सगळं पाहिलेला, कागदावर आणि मंचावर दोन्हीकडे पक्का वादक होता. लोकांना नाचवायचं हे त्याने ठरवून निवडलं. पहिल्या रेकॉर्डी मॅजेस्टिक कंपनीसाठी, मग गॉथमसाठी. गॉथमवरच्या 'टेम्प्टेशन'ने १९४८ मध्ये त्याचं नाव झालं. पुढच्या वर्षापासून किंग.

सिनसिनाटीची किंग कंपनी सिड नेथनने १९४३ मध्ये काढली. ध्वनिमुद्रणापासून तबकडी छापण्यापर्यंत आणि वेष्टनापासून मालाच्या पाठवणीपर्यंत सगळं एका छताखाली. पुढे जेम्स ब्राउन घडला तो याच कारखान्यात. कारखान्याला माल लागतो, त्यामुळे बॉस्टिककडून भरपूर वाजवून घेतलं गेलं. त्याचा फायदा आणि तोटा दोन्ही तुम्हाला सहाव्या पायरीवर भोगायचे आहेत.

पायरी चौथी: ती खरखर येते कुठून

सॅक्सोफोन वाजवत नसाल तर या पायरीचा उत्तरार्ध सोडा.

खरखर काढण्याची साधी युक्ती अशी: फुंकताना त्याच वेळी घशातून गुणगुणायचं. वाद्याचा सूर आणि गळ्याचा सूर एकमेकांवर आपटतात आणि आवाज फाटल्यासारखा येतो. युक्ती एका दुपारी कळते. कठीण भाग तिच्यावर ताबा ठेवण्याचा आहे, म्हणजे एका सुरावर ती चढवायची, पुढच्यावर उतरवायची आणि सूर जागचा हलू द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. आल्टोवर चाव्या दाबून सरळ मिळतात ते साधारण अडीच सप्तकांचे सूर. त्यावरचे सूर वाद्यात असतात, पण त्यांच्यासाठी वेगळी चावी नसते. ओठांचा दाब, जिभेची ठेवण आणि घशाचा आकार बदलून, वेगळी बोटं धरून ते उपस्वरांतून, म्हणजे मूळ सुरात दडलेल्या चढ्या सुरांतून, उपसावे लागतात. या वरच्या प्रदेशाला अल्टिसिमो म्हणतात. आज संगीतशाळेत त्याची पुस्तकं मिळतात. बॉस्टिक त्या प्रदेशात नुसता एखादा सूर मारून खाली येत नसे, तिथे चाल वाजवत असे. डोनाल्डसनच्या मते त्याच्या हाताखाली तीन सप्तकं खरोखर वाजती होती.

याचा पुरावा हवा तर 'अप देअर इन ऑर्बिट' ऐका. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटची, उपग्रहांच्या दिवसांतली दोन भागांची रेकॉर्ड. नावाप्रमाणेच ती वर जाते. संगीत म्हणून ती मला 'फ्लेमिंगो'इतकी आवडत नाही, थोडी सर्कस आहे. पण 'बॉस्टिकला काय येत होतं' या प्रश्नाचं उत्तर तीन मिनिटांत मिळतं. अधिक समतोल नमुना हवा असेल तर 'चेरोकी' घ्या. रे नोबलची ही चाल बीबॉपवाल्यांची परीक्षा घेणारी मानली जाई. पार्करचं 'को-को' तिच्याच सांगाड्यावर उभं आहे. बॉस्टिक ती नाचाच्या बँडसकट पार करतो.

कोलट्रेनने १९६० मध्ये डाउन बीट मासिकात बॉस्टिकबद्दल लिहिलं ते याच संदर्भात: तो फार गुणी वादक होता आणि त्याने आपल्याला वाद्यातल्या पुष्कळ गोष्टी दाखवल्या. ड्रमर आर्ट ब्लेकीने तर त्याच्या बँडला सॅक्सोफोनचं विद्यापीठ म्हटलं होतं आणि तांत्रिक ज्ञानात त्याला पार्करच्याही वर ठेवलं होतं.

आता वाजवणाऱ्यांसाठी. बॉस्टिक मार्टिन कंपनीचा कमिटी आल्टो आणि बीक्लर माउथपीस (तोंडात धरायचा भाग) वापरत असे, आणि त्यावर टेनरची रीड लावत असे. हे वाचून लगेच खरेदीला निघू नका. आधी सर्वांत खालच्या सुराची बोटं धरा आणि बोटं न हलवता, फक्त घसा आणि फुंक बदलून त्यावरचे उपस्वर एकेक करून काढा. दुसरा उपस्वर स्थिर झाल्याशिवाय तिसऱ्याकडे जाऊ नका. रोज दहा मिनिटं पुरे, ओठ दुखायला लागले की थांबा. हे बसायला महिने जातात. खरखर मात्र शेवटी घ्या. स्वच्छ लांब सूर हलत असताना गुणगुणणं मिसळलं की दोष झाकला जातो आणि कायमचा राहतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या दुपारच्या झोपेची वेळ टाळा. या सरावाचा आवाज कोणालाही सुरेल वाटत नाही.

पायरी पाचवी: मागे उभे असलेले ऐका

बॉस्टिकच्या बँडमधून गेलेल्यांची नावं पाहिली की डोळे विस्फारतात. टेनरवर कोलट्रेन, त्याच्यानंतर स्टॅनली टरंटाइन, पुढे बेनी गोल्सन. ट्रंपेटवर ब्लू मिचेल आणि टॉमी टरंटाइन. बासवर कीटर बेट्स. पियानोवर जॅकी बायर्ड. ड्रमवर जिमी कॉब, जो १९५९ मध्ये माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमवर कोलट्रेनच्या सोबतीला वाजवणार होता.

म्हणून काही लोक उत्साहाने १९५२ च्या 'मूनग्लो' आणि 'व्हेल्व्हेट सनसेट'वर कोलट्रेन शोधायला जातात आणि निराश होतात. त्याला एकट्याचा तुकडा नाही. तो मागे उभा राहून इतरांबरोबर ओळी धरतोय. तेच ऐकायचं. पुढे एकेका रचनेवर अर्धा-अर्धा तास वाजवणारा माणूस इथे दोन-तीन सुरांची साथ नेटकी करतोय आणि समोर बॉस्टिक घशाने, ओठाने, बोटांनी काय करतो ते रोज रात्री दोन हातांवरून पाहतोय.

बँडमध्ये शिस्त होती हे रेकॉर्डींवरूनच कळतं. मागची साथ बारीक, सुरुवात-शेवट कातरल्यासारखे. स्टॉप-टाइम म्हणतात ते इथे ओळखायला शिका: अख्खा बँड फक्त ठरावीक मात्रेवर एक ठोका देतो आणि मधली जागा मोकळी सोडतो, त्या मोकळ्या जागेत एकटा आल्टो धावतो. लपायला आडोसा नसतो. बॉस्टिकचं बोटांचं काम ऐकायला याहून सोयीची जागा नाही.

पायरी सहावी: रेकॉर्ड शोधताना

शोधताना आडनावाच्या शेवटी रोमन लिपीत 'सी' येतो, 'के' नाही. एवढ्यावरून निम्मे निकाल चुकतात.

एकाच चालीच्या अनेक आवृत्त्या सापडतील, म्हणून साल पाहा. 'फ्लेमिंगो'समोर १९५१ आणि किंग असं लिहिलेलं हवं. स्टीरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या १९५८ च्या सुमाराला. त्यामुळे डाव्या-उजव्या कानात वेगवेगळी वाद्यं वाजणारं 'फ्लेमिंगो' तुमच्या हाती आलं, तर ते एक तर नंतरचं ध्वनिमुद्रण आहे किंवा मूळ एकपदरी आवाजावर नंतर केलेली कारागिरी. दोन्ही सुरुवातीला नकोत. मूळ रेकॉर्डचा आवाज एका जागी दाटलेला असतो, आणि तो तसाच असायला हवा. ज्यूकबॉक्सच्या एका कर्ण्यातून बाहेर येण्यासाठीच तो घडवलेला होता.

संकलनं पुष्कळ आहेत. कालक्रमाने लावलेलं, प्रत्येक तुकड्यासमोर ध्वनिमुद्रणाची तारीख आणि वादकांची नावं छापलेलं निवडा. 'सर्वोत्तम' असं मोठ्या अक्षरांत लिहून आत काहीच माहिती न देणारं टाळा. १९४८ ते १९५४ हा पट्टा आधी संपवा. त्यात 'स्लीप' चुकवू नका. मूळ चाल झोपवणारी, फ्रेड वेअरिंगच्या वाद्यवृंदाची ओळखधून. बॉस्टिक तिला अशा वेगात पळवतो की पाळण्यातलं मूल उठून नाचायला लागावं. तीही १९५१ मध्ये यादीत चढली होती.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात किंगने त्याच्याकडून जुन्या लोकप्रिय गाण्यांचे, नाचाच्या चालींचे अल्बमवर अल्बम काढून घेतले. त्यांच्यावर फार वेळ घालवू नका. अधूनमधून एखादी ओळ चमकते, बाकी कारखान्याचा माल. या काळात त्याला हृदयविकाराचा झटकाही येऊन गेला. तो लॉस एंजेलिसला राहायला गेला, तिथे त्याने स्वतःचा क्लबही काढला, आणि लिहिण्याकडे जास्त वळला.

पायरी सातवी: तीन मिनिटांचं कुंपण नसलेला बॉस्टिक

१९६३ मध्ये किंगने त्याला लांब वाजवू दिलं. 'जॅझ अ‍ॅज आय फील इट' या अल्बमवर ऑर्गनला रिचर्ड 'ग्रूव्ह' होम्स, गिटारला जो पास, ड्रमला शेली मॅन. त्यानंतर लगेचच होम्स आणि पास यांना घेऊन 'अ न्यू साउंड' झाला. इथे तो चाल मांडून तिच्यातून बाहेर पडतो, ब्लूजवर आवर्तनांमागून आवर्तनं घेतो, आणि वरच्या सप्तकात जाताना सर्कस राहत नाही. ज्यांनी बारा वर्षं 'याला उपज नाही' असं म्हटलं होतं त्यांच्यासाठी हे उत्तर होतं, पण ऐकायला ते आले नाहीत. फॅशन बदललेली होती आणि नाव ज्यूकबॉक्सला चिकटलेलं होतं.

हे दोन्ही अल्बम आधी ऐकू नका, असं मी मुद्दाम सांगतो. 'फ्लेमिंगो'मधली मोजून टाकलेली खरखर कानात असेल तरच इथला मोकळेपणा कळतो.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, कार्यक्रमासाठी गेलेला असताना, हृदयविकाराने तो गेला. वयाची पन्नाशी नुकती ओलांडली होती.

चार लोकांना ऐकवायचं असेल तर

पंचवीस एप्रिल किंवा अठ्ठावीस ऑक्टोबर, यांपैकी एक संध्याकाळ निवडा. अर्ध्या तासाहून लांबवू नका. नवख्या माणसाला ओळीने दहा बॉस्टिक सोसत नाहीत, कारण आवाज फार भरलेला आहे. क्रम असा ठेवा: एलिंग्टनचं 'फ्लेमिंगो', बॉस्टिकचं 'फ्लेमिंगो', 'स्लीप', मग श्वास घ्यायला 'मूनग्लो', 'चेरोकी', 'अप देअर इन ऑर्बिट'चा पहिला भाग, आणि शेवटी 'जॅझ अ‍ॅज आय फील इट'मधला कुठलाही एक ब्लूज. फोनच्या कर्ण्यावर लावू नका, खालची बाजू नाहीशी होते आणि आल्टो नुसता बोचतो. साधा स्पीकर चालेल. पहिल्या दोन रेकॉर्डींच्या मध्ये काही बोलू नका, पाहुण्यांना फरक स्वतः ऐकू द्या. चरित्र 'मूनग्लो'च्या वेळी सांगा, तिथे कोलट्रेनचं नाव घेतलं की जॅझवाले पाहुणेही सावरून बसतात.

कोणी 'यापुढे काय?' विचारलंच तर हँक क्रॉफर्डचं नाव द्या. रे चार्ल्सच्या बँडमधला हा आल्टोवादक. लहानपणी ऐकलेल्यांत पार्कर आणि जॉर्डनबरोबर बॉस्टिकचंही नाव घेणारा. क्रॉफर्डवरून डेव्हिड सॅनबॉर्नकडे जाता येतं, कारण सॅनबॉर्न क्रॉफर्डला आपला आदर्श मानत असे. ऐंशीच्या दशकातला सॅनबॉर्न तुमच्या ओळखीच्यांपैकी कोणाकडे तरी कॅसेटवर असणार. ती मागून आणा आणि 'फ्लेमिंगो'च्या पाठोपाठ लावा.